मवाबच्या माळावरून

जॉर्डन म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पेट्राचा गुलाबी दगडातला दरवाजा येतो. एरवी हा देश आपल्याला भेटतो तो बातम्यांत, शेजारच्या देशांतल्या लढायांच्या निमित्ताने. पण ज्या घरांत रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र वाचले जाते त्या घरांना हा मुलूख जुन्या नावांनी पाठ असतो. अम्मोन, मवाब, अदोम, गिलाद. इतिहासाच्या तासाला ही नावे मी फळ्यावर अनेकदा लिहिली होती. ती पायाखाली येतील असे मात्र वाटले नव्हते.

२०१९ च्या फेब्रुवारीत तो योग आला. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल आणि धारवाड इथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मिळून एक सहल ठरवली होती. कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी विचारले, "सर, एक जागा आहे. येता काय? वाटेत इतिहास सांगा म्हणजे झालं." मी लगेच हो म्हटले. अठ्ठावीस जण, त्यांत निम्मे साठीच्या पुढचे. बसमध्ये पुढच्या सीटांवर मराठी, मागच्या सीटांवर कन्नड आणि मधल्या सीटांवर दोन्ही. आमचा वाटाड्या मादबा गावचा अरब ख्रिस्ती. तो इंग्रजीत सांगायचा, मी मराठीत करायचो आणि धारवाडचे एक निवृत्त पोस्टमास्तर कन्नडमध्ये. कधी कधी आमची दोघांची भाषांतरे मूळ माहितीपेक्षा लांब व्हायची आणि वाटाड्या हसत उभा राहायचा.

पहिला मुक्काम अम्मान. हे अम्मोनी लोकांचे राब्बा. पुढे ग्रीक राजवटीत त्याचे नाव फिलाडेल्फिया झाले आणि अरबांच्या काळात पुन्हा जुन्या नावाकडे वळून अम्मान. हे ऐकल्यावर मागून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच की! वेणुग्राम, बेळगाव, बेलगाम, बेळगावी." बस हसली. तिथून उत्तरेला तासाभरावर जेराश आहे. रोमन काळातले गेरासा ते हेच. हेड्रियन बादशहाच्या इ.स. १२९-१३० मधल्या भेटीसाठी उभारलेली कमान, लंबगोल चौक, खांबांची लांबच लांब रांग आणि रस्त्याच्या फरशीवर रथांच्या चाकांनी पडलेल्या खाचा अजून दिसतात. इ.स. ७४९ च्या मोठ्या भूकंपाने या शहराचे कंबरडे मोडले.

खाण्याचे हाल होतील अशी भीती घालून घरच्यांनी शेंगाचटणी, कडक भाकरी आणि कुंद्याचे डबे बांधून दिले होते. ती भीती खोटी ठरली. एका हॉटेलाच्या दारात एक बाई उलट्या कढईसारख्या तव्यावर हातभर रुंद, कागदासारखी पातळ पोळी भाजत होती. तिला तिथे शराक म्हणतात. आमच्या बायकांनी तिच्याभोवती कडे केले. "मांडेच हे!" असा एकमुखाने निकाल लागला. पुरण नव्हते एवढेच. ती बाई आणि आमच्या बायका यांच्यात एकही समान भाषा नव्हती, तरी हातवारे करून पीठ कसे मळायचे इथपर्यंत गोष्टी गेल्या.

तिसऱ्या दिवशी मादबा. इथल्या सेंट जॉर्जच्या चर्चमध्ये जमिनीवर रंगीत दगडी तुकड्यांचा एक नकाशा आहे. सहाव्या शतकातला. पवित्र भूमीचा आज शिल्लक असलेला हा सर्वांत जुना नकाशा मानतात. मूळ नकाशाचा थोडाच भाग उरला आहे, पण जो आहे तो पाहत राहावा असा. मधोमध यरुशलेम, त्याच्या वेशी, खांबांचा राजरस्ता, सगळ्यांवर ग्रीक अक्षरांत नावे. यार्देन नदीत मासे काढले आहेत. त्यांतला एक मासा मृत समुद्राच्या तोंडाशी येऊन उलटा फिरला आहे, कारण पुढच्या खाऱ्या पाण्यात तो जगणार नाही. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणून चालणारी नावही दाखवली आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला नदी म्हणजे पार करायची गोष्ट वाटत होती, हे मला तिथे जाणवले. त्याच्या नकाशात नावे खूप आहेत.

हे चर्च बांधणाऱ्यांची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. १८८० च्या सुमाराला दक्षिणेकडच्या करक गावातून काही ख्रिस्ती कुटुंबे तंटा होऊन बाहेर पडली आणि मादबाच्या ओसाड टेकाडावर येऊन राहिली. घरांचे पाये खणताना त्यांना जुन्या चर्चच्या चित्रफरशा सापडत गेल्या. नकाशाची फरशीही अशीच उजेडात आली आणि तिच्यावरच १८९६ मध्ये नवे चर्च पुरे झाले. आमचा वाटाड्या त्या कुटुंबांपैकीच एकाचा पणतू. "आम्ही इथले नाही, करकचे," असे तो आजही म्हणतो. चार पिढ्या झाल्या तरी! आपल्या भागातही अशी घरे प्रत्येक गल्लीत सापडतील.

मादबापासून जवळच नबो डोंगर आहे. मोशेने इस्राएल लोकांना मिसर देशातून काढले, चाळीस वर्षे रानातून चालवत आणले आणि वचनदत्त देश समोर दिसत असताना त्याला याच डोंगरावर थांबावे लागले. देश डोळ्यांनी पाहिला, पाऊल टाकता आले नाही. त्याची कबर कुठे आहे हे कोणाला ठाऊक नाही असे शास्त्रच सांगते. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई इतक्या लांबून इथे येऊन गेली आणि तिने आपला प्रवास लिहून ठेवला. आज इथे फ्रान्सिस्कन साधूंनी जपलेले चर्च आहे आणि आत शिकारी, मेंढपाळ, सिंह, शहामृग यांच्या चित्रांची सहाव्या शतकातली फरशी आहे.

पाऊस पडून गेला होता. हवा स्वच्छ होती. उतारावर हिरवे गवत आणि खाली खोल दरीत मृत समुद्राचे निळे पाणी. वाटाड्या बोटाने दाखवत होता. ते यरीहो. त्याच्या वर, डोंगराच्या कडेवर, यरुशलेम. डावीकडे बेथलेहेम. लोक दुर्बिणी एकमेकांना देत होते. कोणी डोळे मिटून प्रार्थना करत होते.

आमच्या गटात बेळगावच्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास, गुडघे दुखरे, हातात काठी. सोबत सून. सून बैलहोंगलकडची, सरकारी कन्नड शाळेत शिक्षिका. एकाच घरात दोन माध्यमे! सून सासूला हात देताना "अत्ती, सावकाश" म्हणायची, आणि हा सावकाश शब्द मराठी की कन्नड असा प्रश्न आपल्याकडे कोणाला पडत नाही.

बाई बराच वेळ पलीकडे पाहत उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "सर, सगळं दाखवलं. पण मवाब कुठं आहे हो?"

मी वाटाड्याला विचारले. तो हसला आणि त्याने बुटाने जमिनीवर दोनदा टकटक केले. "हेच."

बाईंनी खाली पाहिले. म्हणाल्या, "म्हणजे रूथ इकडची."

सून म्हणाली, "आमच्यात रूतळु म्हणतात. सासूचं नाव नोवोमी." मराठी शास्त्रात ती नामी.

ज्या वाचकांना ही गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी आपला नवरा आणि दोन मुलगे यांच्यासह नदीपलीकडच्या मवाबात पोट भरायला आली. मुलांनी तिथल्याच मुली केल्या. पुढे नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. म्हातारीने गावी परतायचे ठरवले आणि सुनांना सांगितले, पोरींनो, तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक रडत रडत गेली. रूथ गेली नाही. तुमचे लोक तेच माझे लोक, अशा अर्थाचे बोलून ती सासूबरोबर परक्या मुलखात चालत गेली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून तिने सासूला जगवले. पुढे तिचे बवाजशी लग्न झाले आणि तिचा पणतू दावीद इस्राएलाचा राजा झाला. येशूच्या वंशावळीत मत्तयाने या परमुलखातल्या सुनेचे नाव आवर्जून घातले आहे. मोशेच्या नियमशास्त्रात मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंतही परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असे कलम असताना हे घडले, ही त्यातली खरी गोम.

कारण मवाब म्हणजे वैरी. ते वैर किती होते हे सांगणारा एक काळा दगड आहे. नबोच्या दक्षिणेला राजमार्ग नावाचा फार जुना रस्ता जातो, त्यावर दिबान हे गाव लागते. १८६८ मध्ये तिथे एका मिशनऱ्याला हा शिलालेख दिसला. इ.स. पूर्व नवव्या शतकातला मवाबचा राजा मेशा याचा. दगड मिळवण्यासाठी परदेशी लोकांत चुरस लागली, तुर्की अधिकारीही मध्ये पडले, तेव्हा स्थानिक टोळ्यांनी तो तापवून, पाणी ओतून फोडला. सुदैवाने आधी कागदावर ठसा घेतलेला होता. त्यावरून तुकडे जुळवले गेले आणि आज तो पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे.

मेशा त्यात सांगतो की इस्राएलाच्या अम्री राजाने मवाबला फार वर्षे छळले, कारण आमचा देव कमोश आमच्या भूमीवर रागावला होता. मग कमोश प्रसन्न झाला आणि मी माझी गावे परत घेतली. त्या गावांत नबोचे नाव आहे. कमोशाने सांगितले म्हणून रात्री निघालो, पहाटेपासून दुपारपर्यंत लढलो, गाव घेतले आणि तिथली सात हजार माणसे, बायकापोरांसह, मारली. असे तो अभिमानाने कोरून ठेवतो. मेशाच्या बंडाची हकिगत शास्त्रातही आहे, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात. तिथे अर्थातच ती दुसऱ्या बाजूने सांगितली आहे. तोच राजा, तेच बंड, दोन बखरी.

मला अभ्यासक म्हणून सगळ्यांत नवल वाटले ते भाषेचे. मेशाची मवाबी आणि इस्राएलाची इब्री या अगदी सख्ख्या बहिणी. लिपी जवळजवळ एकच. राजाला शब्द एकच, मुलाला शब्द एकच. अनेकवचन करताना इब्रीत शेवटी म येतो तिथे मवाबीत न येतो. एकमेकांचे बोलणे त्यांना नक्कीच कळत असणार. शिव्यासुद्धा.

बसमध्ये हे मी माइकवरून सांगितले तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. १९५६ नंतरच्या गोष्टी ज्या भागातल्या प्रत्येक घराने आपापल्या बाजूने ऐकल्या आहेत, त्या भागातली माणसे होती ही. मग पोस्टमास्तरांनी कन्नडमध्ये भाषांतर केले आणि शेवटी स्वतःचे एक वाक्य जोडले, की आपले भांडण बरे, आपण अजून एकाच बाजारात भाजी घेतो.

दिबानच्या पुढे रस्ता वळणे घेत आर्णोनच्या दरीत उतरतो. आता तिला वादी मुजिब म्हणतात. शास्त्रात आर्णोन ही मवाबची सीमा आहे, आणि या सीमेच्या उत्तरेकडची गावे कधी यांची, कधी त्यांची. दरी एवढी खोल की बस खाली उतरून पुन्हा वर चढेपर्यंत बराच वेळ जातो. त्या वळणांवर बाई माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. सून मागे डोळे मिटून होती, तिला बस लागत होती.

"तुम्ही सगळं दोन्ही बाजूंनी सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मी मुलांना रूथचा धडा रविवारच्या शाळेत तीस वर्षं शिकवला. पण माझ्या मुलानं कन्नड मुलगी आणली तेव्हा मी लग्नाला गेले आणि फोटोत उभी राहिले नाही. पाय दुखतात म्हणून खुर्चीवर बसून राहिले. पाय तेव्हा दुखत नव्हते."

मुलगा दोन वर्षांपूर्वी आजाराने गेला होता. आईला यार्देनेवर न्यायचे त्याच्या मनात होते, त्यासाठी त्याने पैसे बाजूला ठेवले होते. सुनेला बैलहोंगलहून भाऊ न्यायला आले. "मीच तिला जा म्हटलं. मनापासून म्हटलं. माझं काय, मी किती दिवस? ती म्हणाली, शाळेला इथूनच बस सोयीची पडते." बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "सर, तिथून बस सोयीची नाही. दोन बदलाव्या लागतात."

पेट्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडेच लिहितो. सिक नावाच्या अरुंद घळीतून सव्वा किलोमीटर चालावे लागते आणि एका वळणावर अचानक चाळीस मीटर उंचीचा कोरीव दर्शनी भाग समोर येतो. नबाती नावाच्या अरब व्यापाऱ्यांची ही राजधानी. इ.स. १०६ मध्ये ती रोमनांकडे गेली, पुढे ओस पडली आणि १८१२ मध्ये बुर्कहार्ट या स्विस प्रवाशाने ती पुन्हा युरोपला कळवली. घळीच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर पाण्याचे पाट कोरले आहेत. वाळवंटात हे शहर उभे राहिले ते पावसाचा थेंब न थेंब साठवण्याच्या या हुशारीवर. आमच्या लोकांना मात्र दगड पाहून बदामी आठवली. तोच तांबडा वालुकाश्म, तीच उन्हात बदलणारी छटा, तेच वरून खाली कोरत येणे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा इ.स. ५७८ चा लेख आहे. घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर हे आहे, तेही कितीजणांनी नीट पाहिले आहे?

पेट्राच्या वर एका उंच सुळक्यावर पांढरा ठिपका दिसतो. ती अहरोनाची समाधी मानतात. मोशेचा हा भाऊ यहुद्यांना, ख्रिस्त्यांना आणि मुसलमानांना सारखाच वंद्य. वर मुसलमानी पद्धतीचा घुमट आहे. आपल्याकडे यमनूरला एकाच समाधीला कोणी चांगदेव म्हणते, कोणी राजाबागसवार. समजावून सांगायला मला हे उदाहरण पुरले.

शेवटच्या दिवशी नदी. वाटेत मृत समुद्रावर थांबलो. समुद्रसपाटीपेक्षा चारशे तीस मीटरहून खाली, पृथ्वीच्या जमिनीवरची ही सगळ्यांत सखल जागा. पाण्यात माणूस बुडत नाही हे खरे, पण पाणी डोळ्यांत गेले तर जीव नकोसा होतो. हा समुद्र दरवर्षी सुमारे एक मीटरने खाली जात आहे. कारण त्याला पाणी देणारी यार्देन आटली आहे. पूर्वी वर्षाला सुमारे १३० कोटी घनमीटर पाणी ती आणायची. आता त्याचा दहावा हिस्साही येत नाही. इस्रायलने १९६४ पासून गालीलच्या सरोवरातून पाणी उचलले, जॉर्डनने यार्मुक उपनदीवरून कालवा काढला, सीरियाने वरती बंधारे घातले. प्रत्येकाची गरज खरी होती. कळसा-भांडुराचे वाद वाचणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको.

म्हणून अल-मघतास इथे, जिथे योहानाने येशूला बाप्तिस्मा दिला असे मानतात, तिथे पोहोचल्यावर आमची मंडळी थोडी गप्प झाली. समोर होता मातकट पाण्याचा, वेळूंनी वेढलेला दहा-बारा पावलांचा ओढा. आपली मलप्रभा खानापुरात पावसाळ्यात याहून कितीतरी मोठी. १९६७ च्या युद्धानंतर हा सगळा काठ लष्करी हद्दीत गेला, सुरुंग पेरले गेले. १९९४ च्या तहानंतर सुरुंग काढले, १९९६ पासून उत्खनन सुरू झाले आणि जुन्या चर्चचे पाये, बाप्तिस्म्याचे कुंड, साधूंच्या गुहा बाहेर आल्या. २०१५ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटले. नदीने पात्र बदलल्यामुळे ते अवशेष आज पाण्यापासून थोडे दूर राहिले आहेत.

बाई काठावरच्या लाकडी पायऱ्यांवर बसल्या. मला म्हणाल्या, "सर, खरं सांगा. हीच जागा काय?"

मी म्हटले, "बाई, हाच काठ, हीच पायरी असं कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. पण इ.स. ३३३ मध्ये आलेल्या एका यात्रेकरूनं ही जागा मृत समुद्रापासून पाच मैलांवर असल्याचं लिहिलं आहे. तेव्हापासून माणसं याच भागात येतात. मध्ये कितीदा खंड पडला, तरी पुन्हा येतात. एवढं नक्की."

"साकु," बाई म्हणाल्या. पुरे. कन्नड शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला.

पलीकडच्या काठावरही पायऱ्या आहेत. तो १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात. तिथेही यात्रेकरू आले होते, पांढरे झगे घालून पाण्यात उतरत होते. दोन्हीकडे बंदूकधारी शिपाई. मधल्या दोरापलीकडे जायचे नाही. तेवढ्यात पलीकडून गाणे सुरू झाले, आणि आमच्यातला कोणी ओरडला, "अरे, हे मल्याळम!" हात हलले. "इंडिया?" "केरला! केरला!" दोन देशांच्या सीमेवर, एका ओढ्याच्या दोन काठांवर, आपलीच माणसे. त्यांना भेटायचे तर पासपोर्ट, पूल आणि तपासणी करून दिवसभराची वाट.

सुनेने बाईंचे पाय पाण्यात सोडले, ओंजळीने पाणी घातले. मुलाचे नाव कोणी घेतले नाही. बाई उठल्या तेव्हा काठी त्यांनी पायरीला टेकवून ठेवली आणि सुनेचा दंड धरला.

"सर," त्यांनी मला हाक मारली, "आमच्या दोघींचा एक फोटो काढा. उभ्यानं."

मी काढला. चौकटीत त्या दोघी, मधे मातकट पाणी, आणि पलीकडच्या काठावर हात हलवणारी केरळची माणसेही आपसूक आली आहेत.